राणीची सीतादही

बोंडअळीचं साल. घाटंजीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन पोरी. मालिकेतलं एकेक पात्र होऊन फोनवरच्या ग्रुपात लिहायचं, अशा स्पर्धेच्या त्या परीक्षक.

"निकिता, दुष्ट राणीले पहिला नंबर? मले डाव वाटते."

"काहून? किती बदलली ते!"

"तेच तं. बदलणाऱ्या पात्राले जादा मार्क, हे आपल्या दोघीलेच माहीत. तुहा फोन घरी कोणाच्या हाती लागते?"

"आईच्या. पण राणी लिहिणारी पुण्याची हाय म्हणते."

"पुण्याची बाई आपल्यावाणी कापसाच्या पहिल्या वेचणीले शेतात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करते? अन् काल राणीनं लिहिलं, लेकीची कवितेची वही चुलीत टाकली, चुकलं माहं. बाद करू?"

"थांब, पायल. ते वही माही होती."