यकृताला इस्टर कळत नाही

सन्माननीय अध्यक्ष फादर हेन्री, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आपल्या दवाखान्याच्या डॉक्टर सुलक्षणाबाई, आणि मनोरीकर बंधुभगिनींनो,

आज रविवार, नऊ फेब्रुवारी एकोणीसशे पंच्याहत्तर. दुपारपासून मी हे भाषण पुन्हा पुन्हा लिहून काढतोय. सातवी शिकलेल्या मार्कसला बोलायला का उभं केलं? कारण बाईंनी सर्वांत जास्त डोकेफोड केली ती माझ्या पप्पांपुढे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. होय, तेच, खाली बघणारे.

गेल्या वर्षी याच सुमाराला पप्पांना कावीळ झाली, ताप आला, पोट फुगलं. रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या. पप्पा खूश! आईला म्हणाले, "बघ एमिलिया, ताकद वाढली माझी."

"ताकद कसली, इसिडोरभाऊ?" बाई म्हणाल्या. "या पेशी जंतूंशी लढतात. तुमच्यात जंतू सापडलाच नाही. दारूनं यकृत दुखावलं, म्हणून त्या तिथं धावल्या आणि आता चांगला भागही पोखरतायत. त्याचीच ही सूज."

"मग त्यांची बदली करा ना!"

बदली झाली, पण आत्ता, आणि तीही बाईंची. सरकारला कमी ऐकू येतं, दुसरं काय?

पुढं इस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास आला. त्यात आपण सगळेच दारू सोडतो आणि इस्टरला सगळी वसूल करतो. फादरनी मला क्षमा करावी. पप्पांची सूज उतरली. त्यांना वाटलं, उपास झाला, म्हणजे दुखणंही संपलं. इस्टरला ग्लास भरला, तोच बाई सुट्टी सोडून, मार्व्याहून होडीनं खाडी ओलांडून दारात हजर!

"यकृताला इस्टर कळत नाही, इसिडोरभाऊ. सूज उतरलीय, पण आतल्या पेशी अजून चवताळलेल्याच आहेत. पुन्हा प्यालात तर यकृताचं नुसतं जून लाकूड होईल."

"एकच, डॉक्टर."

"बायकोही एकच आहे ना? तिला विचारा."

ग्लास मागं सरकला. पप्पा तेव्हापासून आजवर प्यालेले नाहीत.

येत्या बुधवारी पुन्हा उपास लागतोय. त्या दिवसांची मला चिंता नाही. चिंता इस्टरच्या दुपारची आहे. तेव्हा बाई नसतील, आणि आईला पप्पांना विचारायचा धीर होत नाही. म्हणून चारचौघांत मीच विचारतो. पप्पा, यंदा ग्लासात काय?

मोठ्यानं बोला, मागं ऐकू गेलं नाही.

"नारळपाणी रे! बस आता खाली!"

ऐकलंत, बाई? आता अख्खी मनोरी साक्षीला आहे. तुम्ही निर्धास्त जा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. पप्पांनी नाही घातलं, तर फादर, आज झोपायला तुमच्याकडेच येतो.