चौथा बाप्तिस्मा

पाळक : बाहेर ये म्हणतोय ना! त्या हौदात हॉलचे पडदे भिजत घातलेत.

नवरा : असू देत. मी पडदे बाजूला सारून उभा आहे.

पाळक : साबण आहे त्यात, अरे!

नवरा : मग तर बरंच. नुसत्या पाण्याने माझं काय झालं ते तीनदा पाहिलंत. आज बाप्तिस्मा दिल्याशिवाय मी हलणार नाही.

बायको : बूट तरी काढायचेस.

नवरा : हिला कुणी बोलावलं?

बायको : शेजारीण म्हणाली, तुझा नवरा कंबरभर पाण्यात उभा आहे. मला वाटलं, कामावर लिफ्टच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात पडला. उगाच आशेने धावत आले.

पाळक : ताई, असं बोलू नये.

बायको : तुम्ही गप्प बसा, पाळकसाहेब. हौद तुमचा, चटक तुम्हीच लावलीत. पहिल्यांदा बुडवलंत, ठीक. दुसऱ्यांदा कशाला?

पाळक : तो म्हणाला, पहिल्या वेळी त्याच्या पायाचा अंगठा पाण्याबाहेर राहिला होता.

बायको : म्हणजे दोन वर्षं दारू अंगठा पीत होता?

नवरा : आणि तिसऱ्यांदा मी आलोच नव्हतो. यांनीच निरोप धाडला. बाहेरून पाहुणे आले होते आणि बुडवायला माणूस नव्हता.

पाळक : दारू कशी सुटली ही तुझी साक्ष ऐकून लोकांना धीर येतो, म्हणून बोलावलं.

बायको : येणारच. साक्षीत मी याच्यासाठी रात्रभर गुडघ्यांवर प्रार्थना करत असते. अहो, मी फरशी पुसत होते, तीही दुपारी! पण हा माइकसमोर उभा राहिला की सगळा हॉल हुंदके देतो. मी वर्षानुवर्षं दर रविवारी त्याच बाकावर बसते, मला कुणी पंखासुद्धा लावत नाही.

पाळक : तो पंखा बिघडलाय.

नवरा : पाळकसाहेब, हिच्याकडे लक्ष देऊ नका. हिने आठ महिने दाराला कडी लावलीय. मी मामाच्या गोदामात झोपतोय. तुम्ही एकदा बुडवा, म्हणजे ही दार उघडेल. दर वेळी उघडलंय.

बायको : म्हणूनच आले. पाळकसाहेब, याला बुडवलंत तर मी ही मंडळी सोडून दुसऱ्या चर्चला जाईन.

पाळक : मी बुडवणारच नाहीये! बाप्तिस्मा एकदाच असतो. तो आयुष्यभर पुरतो.

नवरा : मला नाही पुरत.

पाळक : पडल्यावर उठायचं असतं रे, पुन्हा बुडायचं नसतं.

नवरा : हे तिसऱ्यांदा नाही आठवलं तुम्हाला?

पाळक : नाही आठवलं. चुकलं माझं. झालं समाधान?

नवरा : नाही! तुम्हा दोघांना वाटतं, मी नाटक करतो. पाण्यातून डोकं वर निघतं ना, त्या क्षणी मी खरा असतो. शपथ नाही घेत, पण खरा असतो.

बायको : खोटा कोण म्हणालं? मला तो माणूस आवडतो. मागच्या वेळी त्याने पहिल्याच आठवड्यात टीव्ही पापाचं मूळ म्हणून शेजारच्यांना देऊन टाकला. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडेच मॅच बघायला गेला आणि तिथूनच झिंगत आला. माणूस चांगला आहे, पण मुक्कामाला राहत नाही.

नवरा : मोह होतो मला. तुला होत नाही, तुझं सोपं आहे.

बायको : मला होत नाही? रोज पहाटे तुझ्या बाबांना उठवून बसवताना वाटतं, पांघरूण घालावं आणि सरळ माहेरी निघून जावं. रोज वाटतं. मग त्यांना तोंड धुवायला पाणी देते. त्याची साक्ष कुठल्या रविवारी देऊ?

पाळक : बूच काढतो मी.

नवरा : पाळकसाहेब, नको! हात लावू नका त्याला!

(हौदातलं पाणी गुडगुडत खाली जातं. तळाशी पडदे, त्यांच्यावर बूट.)

पाळक : ये आता बाहेर.

नवरा : ...बाबा कसे आहेत?

बायको : विचारलंस! लुळं पडलेलं अर्धं अंग तसंच आहे. दाढी मात्र जोरात. मला करू देत नाहीत, न्हाव्याला हाकलून देतात. म्हणतात, मुलगा येऊन करेल. छातीपर्यंत आलीय. रविवारशाळेतली पोरं त्यांना बायबलातला मोशे म्हणतात.

नवरा : उद्या येऊन करतो.

बायको : आधी कात्री लागेल, मग वस्तरा. बाबांना बाहेर पायरीपाशी आणून बसवीन. आत यायचं नाही.

पाळक : ताई, निदान चहाला तरी—

बायको : चहा तुम्ही पाजा. तुमचे पडदे तुडवलेत त्याने.

नवरा : उद्या नक्की येतो. बघच तू.

बायको : उद्या तू येतोसच. दर वेळी दुसऱ्या दिवशी त्यांची दाढी केलीस.

नवरा : परवाही येईन.

बायको : परवाही केली होतीस. तिन्ही वेळा.

नवरा : मग माझ्याकडून हवंय तरी काय तुला?

बायको : तेरवाची दाढी.