कितीही वाजला तरी

—नाही मॅडम, चौकशीच्या कागदावर तिथं ‘नाही’वर खूण नका करू. सूचना पोहोचली होती. तळातल्या गल्लीतसुद्धा. बसा ना, ही खुर्ची घ्या, ती डुगडुगते. चव्वेचाळीस घरं तळात, सगळी माणसं वर आली — म्हणजे एक बाई सोडून. ‘वय जास्त, ऐकू कमी’ असं लिहिलंय तुमच्याकडं — हो, पुराच्या दिवशी मीच तसं सांगितलं. माझी थोरली बहीण ती. अक्का.

हे बघा बटण. दाबून धरलं तोवर भोंगा वाजतो, सोडलं की गप. धरणावरून फोन आला की दाबायचं, माणसं वर येईपर्यंत सोडायचं नाही — बावीस वर्षं एवढंच काम माझं. आणि दर शनिवारी दहाला एक मिनिट, चालतोय का बघायला. अक्काचं काळीज नाजूक, म्हणून आधी तिला फोन करायचो — नियमात नाही ते, पण करायचो. “ओरडणार का रे तुझा रेडा?” म्हणायची. “ओरडणार, घाबरू नकोस.” “काहीतरी खायला घाल की त्याला!” असं आमचं.

पुराच्या आधीच्या शनिवारी बटण आत अडकलं. सात-आठ मिनिटं वाजतच राहिला — मी इथं पेचकस घेऊन खटपट करतोय, आणि अक्का अनवाणी चढ चढून दारात. ओठ निळे. बोलता येईना. पाणी पाजलं आणि मनात म्हटलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. मिस्त्रीला कळवलं, तो काही आला नाही.

तर पुराचा दिवसही शनिवारच. दहाला पाच कमी. मी काय बोललो फोनवर? — तुम्ही विचारलं नाहीत, पण — म्हटलं, अक्का, बटण अडकतंय, आज कितीही वेळ वाजला तरी जागची हलू नकोस. बरं म्हणाली. फोन ठेवतोय तोवर धरणाचा आला — दरवाजा तुटला, वीस मिनिटं आहेत.

दाबलं मी. आता फोन कुठं आहे बघा, आणि बटण कुठं. चार पावलं. सोडलं की भोंगा गप, आणि गप झाला की गल्ली काय म्हणणार? शनिवार आहे, झाली चाचणी. निम्मी माणसं उंबऱ्यातच उभी होती, ह्या खिडकीतून दिसत होती — यावं की न यावं अशी. फोन उचलायला अक्काला वेळ लागायचा, गुडघ्यांमुळं. मी बटणालाच म्हणत होतो, अडक, अडक ना रे, गेल्या शनिवारी अडकलंस ना — एकटाच, मोठ्यानं. नाही अडकलं. सोळा मिनिटं धरलं — वीसच्या आधीच पाणी गल्लीत शिरलं. तिचं दार दिसतं इथून, ते हिरवं. बंदच होतं.

ऐकू कमी? छे. टाचणी पडली तरी कळायचं तिला. पूर्ण सोळा मिनिटं ऐकला असणार तिनं — आणि माझ्यावर भरवसा ठेवून बसली असणार.

खोडा ते, मॅडम. भावानं बसायला सांगितलं, असं लिहा. नोकरी जाईल तर जाऊ दे — खोडा. मला वाचायला वेळ लागतो, पण ‘भाऊ’ हा शब्द ओळखतो मी. तो दिसल्याशिवाय सही करणार नाही.

…हां. हाच. द्या पेन.

आता या तुम्ही.