जाहिरातींनी जमवलेलं लग्न

इंटरनेटवरच्या जाहिरातींना लोक वैतागतात. आमचे बाबूकाका त्या वाचायला यायचे.

तलासरी स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, कॉम्प्युटर एकच. एकानं काही शोधलं की त्याच्या जाहिराती पुढच्या माणसाला दिसत राहतात. काका रोज चहा घेऊन शेजारी बसायचे आणि त्यावरून गावाची खबर काढायचे. "वापीच्या नोकऱ्या दिसतायत. कोणीतरी निघालं वाटतं."

एकदा गावातली कल्पना डहाणूच्या परीक्षेचं हॉल तिकीट काढून गेली, आणि मागोमाग स्क्रीनवर नुसते शालू, मंगळसूत्रं आणि मांडववाले. कल्पनाचं जमलं, असं काका बाजारभर सांगून आले.

दुपारी तिचे वडील दुकानात हजर. "कोणाशी जमलंय? मला तरी सांगा!"

मी म्हटलं, "अहो, तिनं फक्त हॉल तिकीट काढलं. हे तिच्या आधी कोणीतरी शोधलंय."

"कोणी?" हे काकांनीच विचारलं.

"काका, काल संध्याकाळी तुमचा हितेश बसला होता. चांगला तासभर."

पोराचं नाव ऐकून काकांनी कप खाली ठेवला. कल्पनाचे वडील "अभिनंदन" म्हणाले आणि निघून गेले.

त्याच दिवशी मी सगळ्या कुकीज पुसल्या आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं. दुसऱ्या दिवशी काका आले आणि त्या स्वच्छ स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले.

"बरं केलंस," म्हणाले. "पण आता माझ्या घरातलं मला कळायचं कसं?"