वडिलांची उंची : पाच फूट दहा

नाही नाही, ते कळलं मला, कोच — ‘ॲथलीट’ म्हणजे चांगलंच, वाईट कुठे आहे तो शब्द — माझं म्हणणं एवढंच की कागदावर खेळायच्या जागेचं नाव घालायला तुमचं काय जातं? क्वार्टरबॅक. एकच शब्द. माझा टेव्हिन शाळेच्या फुटबॉल संघात चार वर्षं चेंडू फेकतोय, अख्खं गाव त्याला फेकणारा म्हणून ओळखतं, आणि तुमच्या कॉलेजच्या कागदावर नुसतं ॲथलीट. मी तिसरीला शिकवते हो. एखाद्या पोराचं पुढे काय करायचं ते आम्हाला कळलं नाही ना, की आम्हीही त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘अष्टपैलू’ लिहून मोकळे होतो. — हसा, हसा. केळ्याचं पुडिंग घ्या अजून. आईनं वाढलेलं टाकायचं नाही, असा नियमच असतो म्हणे तुम्हा लोकांचा. दुसराही नियम ठाऊक आहे मला. दारात ‘कशा आहात, मॅम’ म्हणालात, आणि नजर कुठे? माझ्या पावलांवर. मग मनगटांवर. लोक म्हणतात मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तुम्हाला ते आईच्या बुटात दिसतात — पोरगं अजून किती वाढेल त्याचा अंदाज. म्हणून तर आज अर्धा नंबर लहान बूट घातलेत, अंगठा नुसता बोंबलतोय — बघा, हे सांगायचं नव्हतं. मला पोटात ठेवताच येत नाही काही.

उद्या सकाळचं म्हणाल तर शाळेच्या जिममध्ये सह्यांसाठी टेबल मांडून ठेवलंय, मुख्याध्यापकांनी तुमच्या कॉलेजच्या टोप्या मागवल्यात, आणि टेव्हिन पडला सतराचा, म्हणजे माझी सही हवीच. फेब्रुवारीत अठराचा होईल, पण तोवर जागा भरलेली असेल — किती गोड आवाजात सांगितलंत तुम्ही ते. सही नाही केली तर पोराचं नशीब आईनं अडवलं. केली तर — तर काय, तेच तर विचारतेय मी तासभर. तो काय म्हणतो माहितीये? ‘ममा, गवतावर कुठेही उभा करू देत, उभा तर राहीन!’ त्याला काय कळतंय.

तिथे आल्यावर बघू, वाढला तर ठरवू, असं म्हणालात ना — अहो, तो नाही वाढायचा आता. सहा फूट दोन, झालं, संपलं. वर्षभरात जेमतेम एक इंच — बरं, दोन. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा होत्या, त्या मार्चमध्ये रंगवून टाकल्या — चौकट जुनी झाली होती. बाकीचं घर तसंच आहे, फक्त चौकट नवी, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आणि खाणं तर चिमणीचं त्याचं. म्हणजे मी चिमणीचं वाढते. कॉर्नब्रेडचा एकच तुकडा, आणि लोणी वरच्या फळीवर लपवलेलं — सहा फुटी पोरापासून वरच्या फळीवर लपवणारी मी, शिकलेली! मग तो शेजारी मिस ओडेसाकडे जाऊन चार पोर्क चॉप हाणून येतो. परवा ती कुंपणावरून ओरडली, ‘अगं ए मास्तरीण, पोराला उपाशी मारतेस काय?’ काय सांगू तिला? वजन वाढलं तर समोरच्यांना अडवायच्या ओळीत उभा करतील म्हणून? ओळीतल्या गड्याचा चेंडूला हातसुद्धा लागत नाही, कोच. डाव सुरू झाला की समोरच्यावर डोकं, पुन्हा डोकं, एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. हो, क्वार्टरबॅकलाही लागतं, मला ठाऊक आहे. पण त्याच्या डोक्याला कुणी मारलं की शिट्टी वाजते. ओळीतल्याला लागतं तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नाही. तेच तर त्याचं काम.

वडील? ते फॉर्मवर लिहिलंय की मी. पाच फूट दहा. साधाच माणूस, मॉन्टगमरीला असतो बहिणीकडे. नाही, सामने बघायला नाही येत — गाडी चालवत नाही आता. खेळायचा, थोडंफार, अलाबामात कोण नाही खेळत? — टेव्हिनचा ट्रक वाजला का हो बाहेर? नाही, पोस्टवाली आहे. टेव्हिन आला की कळेलच तुम्हाला, मी हातातलं काम न सोडता ओरडते, ‘डोकं सांभाळ!’ — मागचं दार बुटकं आहे ना, ती सवयच लागलीये मला, त्याच्या बापापासून —

म्हणजे, दार फारच बुटकं आहे.

असं बघू नका माझ्याकडे. सहा फूट सहा. झालं समाधान? फूट-इंच मीच शिकवते तिसरीच्या पोरांना, आणि फॉर्मवर बापाचे आठ इंच गिळले. पोराला माझं आडनाव आहे, म्हणून कुणी शोधलं नाही. रोनेल, त्याचा बाप, कॉलेजात आला तेव्हा तोही ‘ॲथलीट’च होता, कोच. शाळेत चेंडू पकडायचा, हरणासारखा पळायचा. तिथे दिवसातून पाचदा खायला घातलं आणि दोन वर्षांत ओळीत नेऊन उभा केला, तीनशे पाउंडांचा. आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता, एकोणीस वर्षांची मी, पोट एवढं पुढे, आणि सगळ्यांत जोरात ओरडायचे. आज एकोणचाळीसचा आहे तो. दर रविवारी चर्च सुटलं की फोन करतो. विचारतो, ‘पोरगं चालायला लागलं का गं?’ मी म्हणते, हो, लागलं. पाच मिनिटांनी परत विचारतो. परत सांगते, लागलं. डॉक्टर म्हणतात, नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही. मला येतं सांगता. टेव्हिन? फोन वाजला की तो अंगणात जाऊन चेंडू फेकत बसतो, टांगलेल्या टायरमधून, आरपार, एकही चुकत नाही.

काय लिहिलंत?

वहीत. आत्ता. इतका वेळ ती मांडीवर मिटलेली होती. दाखवा — नुसता आकडा. मी माणूस सांगत होते तुम्हाला, आणि तुम्ही उंची टिपून घेतलीत. खोडा ते. मॅम-मॅम करू नका, खोडा. पेन द्या इकडे, मीच — नाही, ते नको, ते सहीचं आहे. ते खिशात ठेवा. पुडिंगचा वाडगा राहू दे तिथेच.

हा ट्रक त्याचाच. उभे राहू नका. आत येताना त्याच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा, हवं तर माझ्या या मूर्ख बुटांकडे —

टेव्हिन! डोकं सांभाळ, बाळा!