कूरलँडचं जहाज अलिबागला

चौऱ्याऐंशी साली, दिवाळीच्या तोंडावर, शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या वाणसामानाच्या दुकानात रेखाताई तूरडाळ घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढचे नवरा-बायको, इथे आपली भाषा कोणाला कळतेय अशा खात्रीने, मोकळ्या आवाजात मराठीत बोलत होते.

"मंडळाच्या दिवाळी अंकाला गोष्ट देतोय. बाल्टिक समुद्राकाठी कूरलँड नावाचं चिमुकलं संस्थान होतं. त्यांच्या ड्यूकने खरंच टोबॅगो बेटावर वसाहत केली होती. माझ्या गोष्टीत त्याचं जहाज पुढे अलिबागला लागतं."

"मग इंग्रज?"

"येतच नाहीत. तीनशे वर्षांनी आपली माणसं नोकरीला कूरलँडला जातात. मीसुद्धा."

"म्हणजे शिकागो कॅन्सल?"

"कॅन्सल."

"तिथे थंडी?"

"इथल्यासारखीच."

"तूरडाळ?"

"मिळते. रांग असते."

"मग बदललं काय? बरं, तिथे तुमचं लग्न कोणाशी होतं?"

"त्या जहाजाच्या कप्तानाच्या वंशातली एक मुलगी आहे. गोष्टीची गरज म्हणून."

"आणि मी?"

"तुझा अजून विचार केला नाही."

"दरवर्षी अंकाची फेअर कॉपी कोण करतं?"

"तूच."

"मग तुमचं जहाज टोबॅगोच्या पुढे कसं जातं, तेच बघते."

रेखाताईंना राहवेना.

"जहाज येऊ द्या हो अलिबागला," त्या मागून म्हणाल्या. "तो कप्तान तेवढा टोबॅगोलाच उतरवा. बिनलग्नाचा."