आई गेली तेव्हा डोळ्यात पाणी आलं नाही

माहेर माझं खडवलीचं, लग्न होऊन कोपरला आले, चाळीत, आणि तेव्हापासून ब्लाउज शिवते. तर काय सांगू ताई तुम्हाला, आधी गालावर तांबडा चट्टा उठला, मग कानावर, खपली धरायची, उन्हात गेले की चरचरायचा. सासू बोलली, वांग असेल, कोरफड लाव. कोरफडीने काय होतंय? शेवटी नौपाड्यात स्किनच्या मॅडमकडे गेलेली, त्यांनी बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला, बोलल्या, हा कातडीचा ल्युपस, दुसऱ्याला लागत नाही, रोगाशी भांडणारी अंगातली ताकद चुकून आपल्याच कातडीशी भांडते. मी विचारलं, मॅडम, आज कातडीशी भांडली, उद्या आणखी कशाशी भांडली तर? बोलल्या, बरोबर विचारलंत, थायरॉइड, सांधे, असलं दुसरं काही निघायची शक्यता तुम्हाला इतरांपेक्षा जास्त, सगळ्यांनाच होतं असं नाही, पण नवीन काही वाटलं तर येऊन सांगायचं.

नवरा बोलला, नसते रोग कशाला विचारून घेतेस? पण माझ्या डोक्यात तेच, की अंगाला कसं कळतं, आपलं कोण नि परकं कोण?

मग आई गेली. खडवलीला घरात बुद्धवंदना चाललेली, मी आईच्या उशाशी, तोंडाला कोरड, छाती फुटेल असं झालं, पण डोळ्यातून टिपूस नाही. नुसती वाळू गेल्यासारखं खुपत होतं. मागून कोणीतरी बोललं, पोटची पोर, बघा, डोळा ओला नाही. माझ्या सख्ख्या मावशीनेपण तोंड फिरवलं, ते फार लागलं. मलाच वाटलं, मी दगड झाले काय? मग कोपरला आले, मशीनवर बसले, सुईत दोरा ओवताना तीच वाळू खुपली, आणि मॅडमचं बोलणं आठवलं.

तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, बोलले, डोळे मिटा. काढली तर जेमतेम कड भिजलेली. मग रक्त तपासलं. मॅडम बोलल्या, याला शोग्रेन म्हणतात, डोळ्यातलं पाणी नि तोंडातली लाळ जिथे बनते तिथेच आता भांडण लागलंय. मी पहिलं काय विचारलं माहितीय? बोलले, म्हणजे तेव्हा मी रडत होते ना? मॅडम बोलल्या, रडतच होतात, पाणी बनत नव्हतं.

मावशीला जाऊन सगळं सांगितलं. ती बोलली, अगं बये, तेव्हाच बोलायचंस ना. बोलले, मावशी, तेव्हा मलाच कुठे ठाऊक होतं? तिने मला पोटाशी धरलं नि दोघींच्या वाटचं तीच रडली.

आता डोळ्यात थेंब घालते, बाटलीतलं पाणी घोट घोट पिते, सांगतील तेव्हा रक्त तपासायला देते. थायरॉइड अजून ठीक आहे. नवरापण आता स्वतःच मॅडमना विचारतो, अजून काय बघायचं? पुढे काही निघालं तर निघालं, निदान आलंय हे कळेल तरी. तुम्हाला मात्र ताई, रडावंसं वाटेल तेव्हा पोटभर रडता येऊ दे.